कुत्र्याचा विमा: हप्त्याआधी कोणता आकडा लिहायचा

(नाशिकमधील श्वानपालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, कुत्र्याचा विमा काढावा का, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारा माणूस एकतर पॉलिसी विकत असतो, नाहीतर त्याच्या घरी कुत्रा नसतो. म्हणून हप्ता किती, हा विषय थोडा बाजूला ठेवू. आधी वहीत एकच आकडा लिहा. उद्या सकाळी डॉक्टर म्हणाले, "आजच्या आज ऑपरेशन करावं लागेल," तर कुणापुढे हात न पसरता तुम्ही किती रुपये काढू शकता? तो हा आकडा.

या आकड्यात जे बसतं त्याला विमा लागत नाही. वार्षिक लस, जंतांचं औषध, कानाचा संसर्ग, वर्षातून दोनदा बिघडलेलं पोट, हे सगळं खिशातून जावं. ओपीडीचे पैसे देणारी पॉलिसी त्याची किंमत हप्त्यात आधीच धरते आणि वर कागदपत्रांची दगदग तुमच्या माथी मारते. विमा घ्यायचा तो आकड्याच्या बाहेर जाणाऱ्या बिलासाठी.

असं बिल कशाचं येतं, हे कुत्र्यावर अवलंबून आहे. लॅब्रडोर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा सांधा आणि गुडघ्याचा अस्थिबंध ही दोन दुखणी नेहमीची. ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत जठर फुगून त्याला पीळ पडतो. तिथे प्रश्न तासांचा असतो. पगला श्वासाचा त्रास, आणि नाशिकचा एप्रिल-मे त्यात भर घालतो. नसबंदी न झालेल्या मादीच्या गर्भाशयात पू होतो, बहुधा माज संपल्यावर एक-दोन महिन्यांत, आणि मग गर्भाशय काढावंच लागतं. जात कुठलीही असो, आंब्याची कोय किंवा दाणे खाऊन टाकलेलं मक्याचं कणीस गिळलं की आतडं उघडावं लागू शकतं.

आपल्याकडची एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. किती खाल्ल्यावर त्रास होईल, याचा भरवशाचा हिशोब नाही. काही कुत्र्यांना थोडीही बाधतात. आधी उलट्या होतात आणि पुढच्या एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडू शकतात. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या मळ्यात कुत्रा असेल, तर पॉलिसीत विषबाधा अपघातात धरली आहे, आजारात की वगळलेल्या गोष्टींत, हे लेखी विचारून घ्या. अपघातात धरली तर सुरुवातीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर क्लेम न मिळणारे पहिले काही दिवस, सहसा आड येत नाही, आजारात धरली तर येतो. मळ्याची राखण करणारा कुत्रा 'घरगुती' म्हणून दाखवला असेल, तर तिथेही वाद उभा राहतो. राखणीचा, पैदाशीचा की घरचा, हे प्रस्ताव अर्जात खरं लिहा. बिबट्याचंही तसंच. मखमलाबाद, देवळाली, सिन्नर या पट्ट्यात राहणाऱ्यांनी वन्यप्राण्याचा हल्ला अपघातात मोडतो का, हे विचारावं. वनखात्याची भरपाई गाय, म्हैस, शेळी अशा पशुधनासाठी असते; कुत्र्यासाठी तिच्यावर विसंबू नका.

आता पॉलिसीचे प्रकार. जुन्या पद्धतीची पॉलिसी गुरांच्या विम्याच्या वळणाची आहे. कुत्रा मेला तर बाजारभावाइतकी रक्कम देते, उपचाराचं काही देत नाही. केनेल क्लबचा, म्हणजे वंशावळीचा, कागद असलेल्या महागड्या पिल्लाला तिचा उपयोग असेल, पण रस्त्यावरून उचलून आणलेल्या गावठी कुत्र्याचा बाजारभाव कागदावर जवळजवळ शून्य असतो. तो हप्ता मला वाया गेलेला वाटतो. नव्या पद्धतीच्या पॉलिसीत शस्त्रक्रिया आणि ॲडमिट करण्याचा खर्च हा गाभा असतो. मृत्यू, चोरी किंवा हरवणं, ओपीडी, तिसऱ्या व्यक्तीचं नुकसान हे तुकडे वरून जोडता येतात. यात गावठी आणि संकरित कुत्री घेणाऱ्या कंपन्याही आहेत. गाभा घ्या आणि तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विचार करा. बाकीचे तुकडे बहुतेकांना लागत नाहीत.

'ॲडमिट' या शब्दावर मात्र जरा थांबू, कारण क्लेम सगळ्यात जास्त इथे अडकतो. पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार, झालेल्या पिल्लाला आपल्याकडे बऱ्याचदा सकाळी दवाखान्यात नेतात, दिवसभर सलाईन लावतात आणि रात्री घरी आणतात. असं चार-पाच दिवस चालतं. उपचार गंभीर, बिल मोठं, पण कुत्रा रात्री दवाखान्यात नव्हता. पॉलिसीत सलग २४ तासांची अट असेल, तर हा खर्च ओपीडीत ढकलला जातो आणि ओपीडी तर तुम्ही घेतलेलीच नाही. गोचीड तापाचंही असंच. रक्ताच्या तपासण्या पुन्हा पुन्हा होतात, डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण २८ दिवस चालतं, पण बहुतेक कुत्रे ॲडमिट होतच नाहीत. तेव्हा एजंटला "पार्व्हो कव्हर आहे का?" असं विचारू नका, तो हो म्हणेल आणि ते खरंही असेल. "दिवसभर सलाईन लावून रात्री घरी आणलं तर पैसे मिळतील का?" असं विचारा.

हातात किती येतं, तेही मांडून पाहू. आकडे उदाहरणापुरते आहेत. बिल ४८,०००. त्यातले ६,००० न मिळणारे: गळ्यातला कॉलर, खास खाद्य, गाडीभाडं. उरले ४२,०००. शस्त्रक्रियेची मर्यादा ४०,००० आणि तुमचा वाटा २० टक्के. वाटा आधी कापला तर ३३,६०० मिळतात, कारण ते मर्यादेच्या आत आहेत. मर्यादा आधी लावली तर ४०,००० चे ८० टक्के, म्हणजे ३२,०००. कपातीचा क्रम पॉलिसीत लिहिलेला असतो. त्यावर 'प्रत्येक क्लेममागे ठरावीक कपात' असेल तर तीही वजा करा. शिवाय पैसे नंतर मिळतात. विनारोकड सोय मोजक्याच ठिकाणी असते, त्यामुळे ते ४८,००० त्या दिवशी तुम्हालाच भरायचे आहेत. एखाद्या शस्त्रक्रियेसाठी मुंबई-पुण्याला जावं लागलं, तर प्रवास आणि मुक्काम सहसा तुमच्याच खिशातून.

वयाचं गणित जास्त बोचरं आहे. बहुतेक योजनांत पिल्लू दोन-तीन महिन्यांचं झालं की प्रवेश मिळतो, सात-आठ वर्षांनंतर नव्याने मिळत नाही आणि दहाच्या आसपास नूतनीकरणही थांबतं. अजस्र जातींना या मर्यादा आणखी अलीकडे. हृदय, मूत्रपिंड, गाठी यांचे मोठे खर्च मात्र म्हातारपणीचे. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी पॉलिसी निरोप घेते. म्हणून विमा असो वा नसो, स्वतःची गंगाजळी लागतेच.

महिना ५०० रुपयांचं आवर्ती खातं उघडलं तर ८ वर्षांत मुद्दलच ४८,००० होतं, व्याज वेगळं. तो पैसा कुत्रा निरोगी राहिला तरी तुमचाच. खोट एवढीच, की सहाव्या महिन्यात खात्यात फक्त ३,००० असतात आणि कोय त्याच महिन्यात गिळली जाते. ही सुरुवातीची उणीव भरून काढणं, एवढंच विम्याचं खरं काम. माझं मत असं: वहीतला आकडा एका मोठ्या ऑपरेशनला पुरत असेल, तर उपचाराचा विमा नको. पुरत नसेल, तर पहिली चार-पाच वर्षं विमा आणि सोबत आवर्ती खातं. खातं भरलं की विमा सोडा. कुत्रा आठ वर्षांचा झाला असेल, तर थेट खातं. ऑपरेशनला किती लागतात, हे इंटरनेटवर न शोधता तुमच्याच डॉक्टरांना विचारा. गर्भाशयाचं, आतड्याचं आणि हाडाचं, असे तीन आकडे पुरे.

या सगळ्याच्या आधी एक खर्च आहे, जो बहुतेक पॉलिसी देत नाहीत: मादीची नसबंदी. तिने गर्भाशयातल्या पुवाची भीती जवळपास संपते. त्याचबरोबर लसीकरण: सहा-आठ आठवड्यांपासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवड्यांपर्यंत, तीन महिन्यांनंतर रेबीज, पुढे बूस्टर. पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हे लसीने टाळता येणारे आजार लस चालू असेल तरच भरपाईत धरतात. बूस्टरची तारीख उलटून गेली असेल आणि पावसाळ्यात लेप्टो झाला, तर नकाराचं कारण तयारच असतं.

नकाराचं दुसरं कारण तुमच्याच केसपेपरवर असतं. "सहा महिन्यांपासून अधूनमधून लंगडतो," असं तुम्ही सहज बोलता, डॉक्टर लिहून घेतात, आणि पॉलिसी चार महिन्यांपूर्वीची असेल तर दुखणं 'आधीपासूनचं' ठरतं. यावर उपाय खोटं बोलणं नव्हे; लंगडणं सुरू होण्याआधी विमा घेणं, हा आहे. अर्जात लपवलेलं दुखणं जुन्या केसपेपरवरून उघड होतंच, आणि मग दुसऱ्या खऱ्या आजाराचा क्लेमही अडकू शकतो.

ओळख पटवणं हीही अडचण. तांबूस गावठी कुत्रे एकमेकांसारखे दिसतात. १५ अंकी मायक्रोचिप बसवा, तिचा क्रमांक लसीच्या कार्डावर लिहून घ्या, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. औषधाच्या प्रत्येक बिलावर तुमचं आणि कुत्र्याचं नाव हवं, चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. कच्चं बिल चालत नाही. मृत्यूचा क्लेम असेल तर आधी कंपनीला कळवा. शवविच्छेदनाशिवाय पुरून टाकलात, तर पुरावाही पुरला जातो.

तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीबद्दल थोडक्यात. कुत्रा डिलिव्हरीवाल्याला चावला किंवा दुचाकीच्या आडवा गेला, तर द्यावी लागणारी दिवाणी भरपाई यात येते. प्राण्याबाबत हलगर्जीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तो दंड विमा भरत नाही. महापालिकेचा परवाना नसेल तर भरपाईही वादात सापडू शकते. सोसायटीत राहणाऱ्या मोठ्या कुत्र्याला मी हा भाग सुचवीन.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. नाशिकसाठी ते कार्यालय पुण्याला आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही. फक्त नकार लेखी मागून घ्या. फोनवर "बसत नाही" ऐकून गप्प राहिलात, तर लोकपालांपुढे ठेवायला हातात काहीच नसतं.