पुस्तक मिटा आणि लिहा

नमस्कार श्रोतेहो, आणि विशेष करून दहावीच्या मुलांनो. सहामाही संपली, घरात भाजणीचा वास सुटलाय, आणि या सुट्टीत उजळणी करायची असं तुम्ही ठरवलं असेल. मी बरीच वर्षं दहावीला विज्ञान शिकवतो. उजळणी म्हणजे धडा पुन्हा वाचणं, असं समजून मुलं दिवाळीभर पुस्तक धरून बसतात, तेव्हा माझा जीव तुटतो.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने भिंगांचा धडा चारदा वाचला होता. मी म्हटलं, "पुस्तक मीट. वस्तू नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर आहे, किरणाकृती काढ." तिने बहिर्वक्र भिंग काढलं, अक्ष काढला, अक्षाला समांतर किरण भिंगापर्यंत नेला, आणि पेन्सिल थांबली. पुढे तो पलीकडच्या नाभीतून जातो, हे आठवेना. "वाचताना तर येत होतं, सर!" खरंच येत होतं, समोर आकृती छापलेली होती ना.

रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी संशोधकांनी 2006 साली हेच तपासून पाहिलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे. आणि बोर्डाचा पेपर तर काही महिने लांब आहे!

म्हणून वसुबारसेला काढलेली आकृती नरकचतुर्दशीला फराळ झाल्यावर न बघता पुन्हा काढा. मग भाऊबीजेला, मग शाळा उघडायच्या आदल्या दिवशी. मध्ये थोडं विसरायला होईल, होऊ द्या. अडलात की मगच पुस्तक उघडा.

सहामाहीचे पेपर जपून ठेवलेत ना? जिथे मार्क गेले तेवढेच प्रश्न आधी घ्या. येणारी गणितं पुन्हा पुन्हा सोडवण्यात सुट्टी जाते.

पालकांनो, मुलांना दिवसभर डांबू नका. सकाळी दीड तास पुरे, संध्याकाळी किल्ला करू द्या. पुस्तक हातात घेऊन प्रश्न आजीनेही विचारावेत, उत्तर तर छापलेलंच असतं.

त्या मुलीने ती आकृती भाऊबीजेपर्यंत तीनदा काढली. तिसऱ्यांदा प्रतिमा बरोबर आली, उलटी आणि वस्तूएवढीच. किरणांवर बाण काढायचे तेवढे राहिले होते, ते तिने मला वही देताना स्वतःच पाहिले.