धावता धावता बोलता आलं पायजे

राम राम मंडळी. ढोरावासराचं आटोपलं असंल, चहा झाला असंल, तर थोडा वेळ माझ्याजवळ बसा. मागच्या वेळी व्यायामाचं बोललो आन तेव्हापासून प्रश्नच प्रश्न, अन बहुतेक सगळे नव्यानं सुरुवात करणाऱ्यांचे.

एका मावशीनं विचारलं, आम्ही दिवसभर निंदणाले वाकतो, आम्हाले आणखी व्यायाम कायले? मावशी, तुमच्या मेहनतीला तोड नाही, पण निंदण काय, कापूस वेचणं काय, कंबर सारखी पुढंच वाकलेली राहते. म्हणून घरी आल्यावर तिला उलट्या बाजूनं जरा ताण द्या, पालथं झोपून छाती हळूच वर उचलायची, दहा वेळा, बस. शेतकामाच्या मेहनतीत ही एक बाजू राहून जाते एवढंच.

दुसरा प्रश्न पोट्ट्यांचा. पहिल्याच दिवशी दोनशे बैठका मारल्या, आता ओट्यावरून खाली उतरता येत नाही, काही बिघडलं काय? नवीन कामानं स्नायूला बारीक इजा होते, दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते अन मग आपोआप उतरते. लॅक्टिक ॲसिड साचलं म्हणतात ते खरं नाही, ते तर तास-दीड तासात निघून जाते. फक्त लघवी काळ्या चहासारखी झाली तर वाट पाहत बसायचं नाही, सरळ दवाखान्यात जायचं.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. आमच्या शेजारची एक पोरगी पोलीस भरतीची तयारी करत होती. मुलींना 800 मीटर धावावं लागते, मुलांना 1600. ही पहाटे साडेचारला उठून डांबरी रोडवर निघायची, पहिल्या पावलापासून जीव तोडून, रोज तेच, सुट्टी नाही. तीन आठवड्यांत नडगी अशी दुखायला लागली की हात लावू देईना. गावात शाळेचं मैदान आहे, मऊ मातीचं, पण शाळा सुटली की गेटला कुलूप, अन मला हे कुलूप कधीच पटलं नाही, पोरं मोबाईल पाहतात म्हणून आपण ओरडतो अन खेळायची जागाच बंद करून ठेवतो, असो.

डॉक्टरांनी हाड पाहिलं, मोडलं नव्हतं, काही आठवडे धावणं बंद केलं. मग तिचे बाबा, कधीकाळी आखाड्यात घुमलेला माणूस, सायकल घेऊन तिच्यासोबत निघायला लागले, रोडनं नाही, पांदणीच्या मातीवरून. अन धावता धावता प्रश्न विचारायचे. "सांग माय, आपल्या वावरात पराटीच्या किती तासांमागं एक तुरीचं तास हाये?" (पराटी म्हणजे कपाशी, तास म्हणजे पिकाची ओळ.) पोरीनं पूर्ण वाक्यात उत्तर दिलं तर ठीक. "आठ" म्हणून धाप लागली की बाबा ब्रेक दाबायचे, "हळू कर, दम पुरत नाही तुले". कधी किराण्याची यादी म्हणायला लावायचे, तेल, गूळ, चहापत्ती, साबण. एका सकाळी मी बंडी घेऊन मागं होतो, ती पोरगी धावत धावत पूर्ण यादी म्हणत गेली, वर म्हणे, बाबा हळद राहिली. मला तर भरून आलं.

पुस्तकातही हेच आहे बरं. धावताना बोलता येते पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम वेग, अन नवीन माणसाचं बहुतेक धावणं त्याच वेगात पायजे. कारण दम दोन-चार आठवड्यांत वाढायला लागते, पण हाड अन स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा घट्ट व्हायला महिने लागतात. दम म्हणते पळ, नडगी म्हणते थांब. पुन्हा सांगतो, दम लवकर वाढते, हाड उशिरा. म्हणून आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी पायजेच, जोरात पळायचा दिवस एखादाच.

आपल्या अमरावतीत 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, तिथली माणसं 1936 ला बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आली, विदर्भाला व्यायाम बाहेरून शिकायची गरज नाही असं मला मनापासून वाटते.

शेवटचा प्रश्न पावडरचा. महागाची पावडर पायजेच काय? तूरडाळीत शंभर ग्रॅममागं बावीसेक ग्रॅम प्रोटीन, एका अंड्यात सहा ग्रॅम, सोयाबीन तर आपण पिकवतोच, फक्त नीट शिजवून खायचं. सुरुवात करणाऱ्याला तेवढं पुरते.

बरं, उन्हाळा येऊन राहिला, सूर्य निघायच्या आत धावणं आटपा, निघायच्या आधी पाणी प्या. अन छातीत दुखलं, चक्कर आली तर धावणं तिथंच सोडा अन दवाखाना गाठा. ती पोरगी येत्या मैदानी चाचणीला उतरणार आहे, बाबा सायकल घेऊन अजूनही सोबत असतात. राम राम.