शर्यतीचा शेवट पाहायचा तर उभं कुठं राहायचं?

नमस्कार श्रोतेहो.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या नंदीध्वजांची, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांची, मिरवणूक पाहायला कुठं उभं राहायचं, हे सोलापूरकराला कुणी शिकवावं लागत नाही. कुठल्या वळणावर सातही काठ्या एकामागोमाग दिसतात, कुणाच्या ओट्यावर सकाळीच जागा धरून ठेवायची, दुपारी ऊन कुठल्या अंगाला येतं, हे घराघरात ठाऊक असतं. सायकल शर्यतीच्या बाबतीत मात्र आपली नजर अजून तयार झालेली नाही. नंदीध्वज सावकाश येतो, थांबतो, डोळे भरून पाहू देतो. सायकलस्वारांचा घोळका शेवटचे शंभर मीटर पाच-सहा सेकंदांत पार करतो. जागा चुकली की चार तासांचा प्रवास करून नुसती हेल्मेटं पाहून परत यावं लागतं.

माझं तसं झालं होतं. 2026 च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर भरली. 437 किलोमीटरची, अनेक टप्प्यांची शर्यत, आणि देशोदेशीचे सायकलपटू आपल्या महाराष्ट्राच्या रस्त्यांवर. इकडं सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे अजून फिरत होते, आणि मी भाच्याला घेऊन सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेलो. त्याआधी एका टप्प्याला मी एकटाच गेलो होतो. सगळ्यांना वाटतं तसंच मलाही वाटलं, की शेवट पाहायचा तर अंतिम रेषेपाशीच उभं राहायला हवं. तिसऱ्या रांगेत जागा मिळाली. पुढं उंचावलेले मोबाइल, त्यांच्याही पुढं बॅरिकेड. एकदम आरडाओरडा झाला, रंगीत काहीतरी सर्रकन गेलं आणि लोक एकमेकांना विचारू लागले, "कोण आला पहिला?" मला सांगता आलं नाही. परत येताना गाडीत मनाला फार लागलं होतं.

म्हणून पुढच्या खेपेला रेषेचा नाद सोडला आणि रेषेच्या साधारण दोनशे मीटर अलीकडं उभा राहिलो. ही जागा का, ते नीट सांगतो, कारण सगळी मेख इथंच आहे.

सायकलच्या शर्यतीत खरा शत्रू वारा. पुढचा गडी वारा कापतो आणि त्याच्या चाकाला चाक लावून येणाऱ्याची जवळजवळ तीस टक्के ताकद वाचते. त्यामुळं प्रत्येक संघ आपल्या सर्वांत वेगवान गड्याला शेवटपर्यंत झाकून आणतो. तीन-चार साथीदार त्याच्यापुढं एका ओळीत पळतात. एकेक जण जीव खाऊन ओढतो, दम संपला की बाजूला होतो. शेवटचा साथीदार बाजूला झाला की हा गडी सीटवरून उठतो आणि एकट्यानं सुटतो. तो क्षण बहुतेक वेळा रेषेच्या दोनशे-अडीचशे मीटर अलीकडं येतो. तेव्हा वेग ताशी पासष्ट-सत्तर किलोमीटरपर्यंत गेलेला असतो आणि तिथून रेषेपर्यंत जेमतेम दहा-अकरा सेकंदांचा मामला उरतो. निर्णय मात्र तिथं होऊन गेलेला असतो. रेषेवर उभा असलेल्याला निकाल दिसतो, दोनशे मीटर अलीकडं उभं राहिलं तर डाव दिसतो.

यात वाऱ्याचाही हिशेब धरा. अंतिम रेषेजवळ झेंडे, पताका लावलेल्या असतात, त्या कुठं फडफडताहेत ते बघा. वारा समोरून असेल तर कुणीच लवकर सुटायला धजावत नाही, कारण एकट्यानं वारा खायचा म्हणजे रेषेच्या आधीच गार पडायचं. अशा दिवशी थोडं रेषेकडं सरका. वारा पाठीमागून असेल तर लांबूनच धुमश्चक्री सुरू होते, मग थोडं मागं या. वळणावर उभं राहायचं असेल तर आतल्या अंगाला राहा. चाक घसरलं की माणूस आणि सायकल दोन्ही बाहेरच्या अंगाला फेकली जातात, आणि तिथं कोण उभं आहे ते त्यांच्या हातात नसतं.

घाटमाथ्यावर संपणारा टप्पा असेल तर वरचं सगळं गणित बदलतं. चढावर वेग उतरतो, वाऱ्याच्या आडोशाची मदत कमी होते, घोळका फुटतो आणि एकेक जण सुटा येतो. चेहरे दिसतात, श्वास ऐकू येतो. आपल्याकडं मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सगळ्यांच्या आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. फ्रान्समधल्या आल्प द्युएझच्या घाटात एकवीस वळणं आहेत, तिथं लोक आदल्या दिवशीच मुक्कामाला जातात. पहिल्यांदाच शर्यत पाहणाऱ्याला मी चढच सांगेन. तिथं डोळ्यांना वेळ मिळतो.

आता थांबण्याविषयी. रस्ता एकदा बंद झाला की ओलांडता येत नाही, म्हणून कुठल्या बाजूला उभं राहायचं ते सकाळीच ठरवा. स्वच्छतागृह कुठल्या बाजूला आहे, सावली कुठं आहे, परतीच्या स्टेशनकडं जाणारी वाट कुठल्या अंगाला आहे, हे पाहून घ्या. घरातल्या बायकामाणसांना, म्हाताऱ्यांना घेऊन जाणार असाल तर हे आधी बघा, शर्यत नंतर. पाणी भरपूर न्या. आम्ही कडक भाकरी आणि शेंगा चटणी नेली होती. दोन्ही टिकतात, सांडत नाहीत, आणि शेजारच्या पुणेकर कुटुंबाशी ओळखही त्यानंच झाली.

थांबण्याचे दोन-तीन तास कंटाळवाणे जाऊ नयेत म्हणून एक हिशेब शिकून घ्या. बहुतेक टप्प्यांत सुरुवातीलाच चार-पाच जण घोळक्यातून निसटून पुढं जातात. मोबाइलवर किंवा लाउडस्पीकरवर त्यांच्यातलं आणि घोळक्यातलं अंतर मिनिटांत सांगतात. फ्रान्समधले रोबेर शापात नावाचे सायकलपटू, पुढं समालोचक झालेले, त्यांनी एक आडाखा सांगितला होता: घोळक्याला एक मिनिट भरून काढायला साधारण दहा किलोमीटर लागतात. म्हणजे वीस किलोमीटर उरलेत आणि पुढच्यांकडं तीन मिनिटं आहेत, तर ते वाचण्याची आशा आहे. दीडच मिनिट असेल तर सापडणार. माझा भाचा आठवीत आहे. त्यानं तिकिटाच्या पाठीवर पेनानं हे आकडे मांडायला सुरुवात केली आणि तासाभरात आजूबाजूची दहा-बारा माणसं त्यालाच विचारायला लागली, "काय रे बाळा, सापडतील का?"

शेवटचा एक किलोमीटर उरला की रस्त्यावर लाल त्रिकोणी निशाण टांगलेलं असतं. लाउडस्पीकरवर ते निशाण ओलांडल्याचं कळलं की मोबाइल खिशात ठेवा. हे मी कळकळीनं सांगतो. चित्रफीत नंतर शंभर मिळतील. आधी मोटारसायकली येतात, मग एक घरघर कानावर येते. कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालू असताना बाहेरच्या रस्त्यावर यायची ना, तिच्या जवळ जाणारी, पण बारीक आणि चढत जाणारी. भाच्याचा तळहात बॅरिकेडवर होता. तो म्हणाला, "मामा, लोखंड थरथरतंय." आणि घोळका गेल्यावर मागून वाऱ्याचा एक झोत अंगावर आला, धुळीचा आणि गरम रबराचा वास घेऊन. टीव्हीवर यातलं काहीच नसतं.

रेषेवरचा निकाल डोळ्यांनी लागेलच असं नाही. पुढच्या टायरची पुढची कड रेषेवर आधी कुणाची आली, एवढंच बघतात, आणि त्यासाठी सेकंदाला हजारो चित्रं टिपणारा कॅमेरा लावलेला असतो. 2017 च्या टूर द फ्रान्समध्ये मार्सेल किटेल सातवा टप्पा 0.0003 सेकंदांनी जिंकला. अंतर भरलं सुमारे सहा मिलिमीटर, आपल्या शेंगदाण्याच्या एका दाण्याहून कमी. म्हणूनच रेषेशी पोचताना ते हात लांब करून सायकल पुढं ढकलतात. आणि 2020 च्या लिएज-बास्तोन-लिएज शर्यतीत ज्युलिअन अलाफिलिपनं जिंकलो म्हणून हात वर केले आणि तेवढ्यात प्रिमोझ रोग्लिच रेषेवर पुढं गेला. तेव्हा कुणी हात वर केले म्हणून लगेच शेजाऱ्याला निकाल सांगू नका, जाहीर होऊ द्या.

आता जे सांगतो त्यात कुणाच्या हाडांचा प्रश्न आहे. 1994 मध्ये आर्मांतिएर गावी टूर द फ्रान्सचा टप्पा संपत होता. बंदोबस्ताचाच एक पोलीस फोटो काढायला पुढं झुकला, विलफ्रीड नेलिसन त्याच्यावर आदळला आणि लोराँ जालाबेरसह कितीतरी जण रक्तबंबाळ झाले. 2021 मध्ये एका बाईनं कॅमेऱ्यात दिसावा म्हणून पुठ्ठ्याचा फलक रस्त्यात धरला, टोनी मार्टिनला तो लागला आणि अख्खा घोळका कोसळला. दोघांच्याही मनात वाईट काही नव्हतं. हात, मोबाइल, झेंडा, लहान मूल, काहीच बॅरिकेडच्या पुढं जाता कामा नये. आपल्याकडं कौतुक करायची पद्धत फुलं उधळण्याची, गुलालाची. रस्त्यावर पाकळ्या पडल्या की त्यावरून बारीक टायर घसरतं, आणि गुलाल डोळ्यांत गेला तर सत्तरच्या वेगात तो माणूस आंधळा होतो. हार-गुलाल सायकलवरून उतरल्यावर द्या. आणि शेजारच्या गल्लीतून कुत्रं रस्त्याकडं येत असेल तर त्याला आधीच हाकला. आपल्या गावांत ही भीती फ्रान्सहून जास्त आहे.

सर्वांत मोठी चूक मात्र पहिला घोळका गेल्यावर होते. लोकांना वाटतं संपलं, आणि ते बॅरिकेड ओलांडून रस्त्यात उतरतात. मागून दुसरा गट येत असतो, संघांच्या गाड्या येत असतात. शर्यतीच्या अगदी शेवटी एक गाडी असते, थकून थांबलेल्यांना गोळा करणारी. ती गेल्याशिवाय रस्ता आपला नाही.

आणि ती येईपर्यंत थांबण्यासारखं बरंच असतं. मागं पडलेल्यांनाही ठराविक वेळेच्या आत यावंच लागतं. पहिल्याच्या वेळेहून किती टक्के उशीर चालेल ते ठरलेलं असतं, त्यापुढं गेला की माणूस शर्यतीतून बाद. म्हणजे शेवटचा गडीसुद्धा पळतच येतो, कुणाच्या मागं नाही, घड्याळाच्या मागं. आम्ही थांबलो तेव्हा गर्दी पांगली होती आणि पहिल्या रांगेत हवी तेवढी जागा होती. बऱ्याच वेळानं एक सायकलस्वार एकटा आला. गुडघा खरचटलेला, पायमोजा फाटलेला, हँडलवर मान खाली. राहिलेल्या चाळीस-पन्नास माणसांनी टाळ्या सुरू केल्या. त्यानं मान वर केली, आमच्याकडं पाहिलं आणि रिकामी पाण्याची बाटली भाच्याच्या पायाशी टाकून पुढं गेला.

संध्याकाळच्या हुतात्मानं आम्ही परत निघालो. कुर्डुवाडी आली तरी भाचा जागाच होता, बाटली मांडीवर घेऊन.