परवानगीविना उभी राहिलेली बाग

(दृश्य: बांगड्यांच्या काचांनी मढवलेली मूर्ती, अगदी जवळून.)

नीट बघा. या बाईच्या अंगावरचं लुगडं फुटक्या बांगड्यांचं आहे. सिमेंट ओलं असतानाच एकेक काच बोटाने दाबून बसवलेली. शेजारच्या भिंतीत कपबश्यांचे तुकडे आहेत, पलीकडे विजेच्या जोडणीतले चिनी मातीचे खटके. कितीतरी आकृत्यांच्या पोटात मोडक्या सायकलींचं लोखंड आहे.

हे चंदीगडचं रॉक गार्डन. आज इथे तिकिटाला रांग लागते, पण पहिली अठरा वर्षं ही बाग बेकायदेशीर होती.

नेकचंद सैनी सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. फाळणीत त्यांचं गाव पाकिस्तानात गेलं आणि ते इकडे आले. ल कॉर्बुझिए या वास्तुकाराच्या आराखड्याप्रमाणे नवं शहर उभं राहत होतं आणि त्याच्या वाटेत आलेली जुनी गावं पाडली जात होती. घरं गेली, माणसं गेली, मागे उरला मोडका संसार. तो उकिरड्यावर जाऊ द्यायला या माणसाचं मन तयार होईना. १९५७पासून नोकरीचे तास संपले की ते सायकलवरून हे सगळं आणि शिवालिकच्या पायथ्याचे दगड सुखना तलावाजवळच्या झाडीत नेऊ लागले. जागा सरकारी होती. तिथे बांधकामाला बंदी होती आणि कुणी फिरकतही नव्हतं.

(दृश्य: अरुंद दरवाजा, वाकून आत जाणारी माणसं.)

१९७५मध्ये अधिकाऱ्यांना हा प्रकार कळला, तोवर झाडीत चौकांमागून चौक उभे राहिले होते आणि त्यांत शेकडो मूर्ती होत्या. नियमाप्रमाणे सगळं पाडायला हवं होतं. पण बातमी पसरली आणि लोक बघायला येऊ लागले. १९७६मध्ये बाग सर्वांसाठी खुली झाली, नेकचंद यांना पगार मिळाला, हाताखाली पन्नास मजूर मिळाले. प्रशासनाने इथे खरोखर मोठं मन दाखवलं.

साधारण त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये घरमालक इमारती वाऱ्यावर सोडून निघून जात होते. १९७३मध्ये लिझ ख्रिस्टी आणि तिच्या सोबत्यांनी बावरी आणि ह्यूस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा कचऱ्याने भरलेला भूखंड साफ केला आणि तिथे वाफे केले. कुंपण घातलेल्या पडीक जागांमध्ये ही मंडळी बाहेरून माती-खतात वळलेल्या बियांचे गोळे फेकायची. पुढच्याच वर्षी महापालिकेने ती जागा महिना एक डॉलर भाड्याने दिली आणि ती बाग आजही आहे. जवळच अ‍ॅडम पर्पल या माणसाने पडक्या इमारतींच्या विटा रचून वर्तुळाकार बाग फुलवली होती. तिच्यावर मात्र १९८६च्या जानेवारीत घरबांधणीसाठी बुलडोझर फिरला. श्रम तेच, माया तीच, पण नशीब वेगळं. मला हे अन्यायाचं वाटतं. पडीक जागेला जीव लावणाऱ्यांचा त्या जागेवर काहीतरी हक्क असायला हवा, कागद असो वा नसो.

आणि कागद हाती आला म्हणजे सगळं निभावलं, असंही नाही.

(दृश्य: दगडी वाटा, धबधबा.)

१९९०मध्ये रॉक गार्डनमधून रस्ता काढायला बुलडोझर आले, तेव्हा लोक साखळी करून आडवे उभे राहिले. बाग वाचली. १९९६मध्ये नेकचंद परदेशात व्याख्यानांसाठी गेलेले असताना इथले कामगार काढून घेतले गेले आणि राखण नसलेल्या मूर्तींची मोडतोड झाली. पद्मश्री मिळालेल्या कलावंताच्या कामाची ही गत! पुढे नागरिकांच्याच एका संस्थेने बागेची देखभाल हाती घेतली.

नेकचंद २०१५मध्ये गेले. २०२५च्या सुरुवातीला रस्ता रुंद करण्यासाठी आणि उच्च न्यायालयाच्या वाहनतळासाठी बागेच्या भिंतीचा एक भाग पाडायचं ठरलं. शहरातले लोक पुन्हा विरोधाला उभे राहिले. या वेळी भिंत वाचली नाही.