कुठली कॉन्फरन्स भारी? अमेरिकेच्या कॉलेज कुस्तीचा हिशोब

(दृश्य: भरलेलं स्टेडियम, मधोमध एकच मॅट, त्यावर दोन हेवीवेट)

22 मार्च 2025, फिलाडेल्फिया. एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना, तिची कुस्तीची सगळ्यात मोठी स्पर्धा, आणि 285 पौंडाची फायनल चालू आहे. 285 पौंड म्हणजे आपले जवळपास 129 किलो. एका बाजूला मिनेसोटाचा गेबल स्टीव्हसन, टोकियो ऑलिम्पिकचा गोल्ड मेडलिस्ट, याआधी दोनदा कॉलेज चॅम्पियन झालेला. समोर ओक्लाहोमा स्टेटचा वायट हेंड्रिक्सन. स्टीव्हसन पुढे आहे, 4-2, आणि घड्याळात वीस सेकंदही उरलेले नाहीत. आणि तेवढ्यात हेंड्रिक्सन टेकडाऊन घेतो, म्हणजे समोरच्याला खाली घेऊन ताबा मिळवतो. 2023-24 च्या सीझनपासून तिथे टेकडाऊनला दोनाऐवजी तीन गुण मिळतात, म्हणजे 5-4. अख्खं स्टेडियम उभं राहतं.

आता मिनेसोटा आहे बिग टेन कॉन्फरन्समधली आणि ओक्लाहोमा स्टेट बिग ट्वेल्व्हमधली. असा एखादा निकाल लागला ना की तो जुना वाद परत सुरू, कुठली कॉन्फरन्स भारी? आणि वाद घालणारा प्रत्येक जण आपल्या सोयीचा एक निकाल खिशातून काढतो. पण एका कुस्तीवरून कॉन्फरन्स कळत नाही हो. दहा कुस्त्यांवरूनही कळत नाही. मग कळतं कशावरून, तेच आज बघायचंय.

आधी कॉन्फरन्स म्हणजे काय ते सांगतो. अमेरिकेत युनिव्हर्सिट्यांचे गट असतात, आधी हे गट शेजारपाजारच्या कॉलेजांचे असायचे, आता टीव्हीच्या पैशापायी पार नकाशा फाटलाय, कॅलिफोर्नियातली कॉलेजं थेट बिग टेनमध्ये जाऊन बसलीत. नाव बिग टेन, मेंबर अठरा, आणि त्यातली कुस्ती खेळणारी चौदा. दुसरी गंमत ऐका, ओक्लाहोमा आणि मिझुरी या दोन युनिव्हर्सिट्या बाकी सगळ्या खेळांत एसईसी नावाच्या कॉन्फरन्समध्ये आहेत, पण एसईसीत कुस्तीच नाही, म्हणून त्यांचे पैलवान बिग ट्वेल्व्हमध्ये लढतात. म्हणजे नाव ऐकून काही अंदाज बांधायला जाल तर फसाल, कुस्तीचा नकाशा वेगळाच आहे.

2024-25 मध्ये डिव्हिजन वनला, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या पातळीला, अशा आठ कॉन्फरन्स होत्या. बिग टेन, बिग ट्वेल्व्ह, एसीसी, ईआयडब्ल्यूए, आयव्ही लीग, मॅक, सोकॉन आणि पॅक ट्वेल्व्ह. वजनगट दहा, 125 पौंडापासून 285 पर्यंत, आणि एनसीएएला प्रत्येक गटात फक्त 33 जण. एकूण 330 जागा. या 330 जागांसाठीच सगळी मारामारी.

(दृश्य: पाटीवर खडूने लिहिलेले तीन शब्द: रँकिंग, आरपीआय, टक्के)

जागा वाटतात कशा? इथे नीट लक्ष द्या, कारण अर्धा वाद इथेच मिटतो. सीझनभर प्रत्येक पैलवान तीन काट्यांवर तोलला जातो. पहिला, कोचेसच्या रँकिंगमध्ये पहिल्या 30 मध्ये आहे का. दुसरा, आरपीआय, म्हणजे तू किती जिंकलास, तुझ्यासमोरचे किती जिंकले, आणि त्यांच्यासमोरचे किती जिंकले, या सगळ्याचा मिळून एक आकडा, त्यातही पहिल्या 30 मध्ये हवा. तिसरा, शंभरातल्या सत्तर कुस्त्या जिंकल्यात का. तीनपैकी दोन जमलं की त्याच्या कॉन्फरन्सच्या खात्यात एक जागा जमा. त्याच्या खात्यात नाही बरं का, कॉन्फरन्सच्या. ती जागा मग त्याला मार्चमधल्या कॉन्फरन्स स्पर्धेत परत लढून घ्यावी लागते, तिथे पाय घसरला तर त्याने कमावलेली जागा दुसराच घेऊन जातो. अशा काही जणांसाठी थोड्या जागा कमिटी राखून ठेवते, पण त्या थोड्याच.

मग कोणी म्हणेल, सोपंय की, ज्या कॉन्फरन्सला जास्त जागा ती भारी. नाही! बिग टेनमध्ये वर्षभर कोणाशी लढायचं तर पेन स्टेट, आयोवा, नेब्रास्का, ओहायो स्टेट यांच्याशी. तिथला एखादा चांगला पोरगा बारा जिंकतो आणि दहा हरतो, सत्तर टक्क्यांचा काटा त्याच्या हातून जातो, आणि तोच पोरगा दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये असता तर वीस जिंकून बसला असता. म्हणजे जी कॉन्फरन्स खरंच अवघड आहे तिथल्याच पोरांचा तिसरा काटा सगळ्यात जास्त हलतो. रँकिंग आणि आरपीआय हे दोन त्याला सावरून घेतात, म्हणून तर तीनपैकी दोन असा नियम आहे, आणि मला तो नियम मनापासून पटतो.

आपल्याकडच्या लोकांना हे चटकन कळेल. जिल्हा निवड चाचणी आठवा. जिथे गल्लोगल्ली तालमी आहेत तिथे निवड चाचणीत हरलेला पैलवान, दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात असता तर पहिला आला असता. तिथे हरला म्हणून तो कच्चा असं कुठलाही वस्ताद म्हणणार नाही.

आता मी माझा काटा सांगतो. 2025 च्या फायनलला दहा वजनगट, म्हणजे वीस पैलवान. मी बसून एकेक नाव त्याच्या कॉन्फरन्सखाली लिहिलं. बिग टेनचे 13, बिग ट्वेल्व्हचे 5, एसीसीचे 2. बाकी पाच कॉन्फरन्सचा एकही नाही. चॅम्पियन बघा, बिग टेनचे 7, बिग ट्वेल्व्हचे 2, एसीसीचा 1, तो म्हणजे 125 पौंडातला नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा विन्सेंट रॉबिन्सन, आणि पोरगा पहिल्याच वर्षाचा! दहापैकी पाच फायनल तर अशा होत्या की लाल बाजूलाही बिग टेन आणि हिरव्या बाजूलाही बिग टेन.

इथे लगेच कोणीतरी हात वर करतो, अहो हे तर सगळं पेन स्टेटमुळे. आणि त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाहीये. केल सँडरसनच्या हाताखाली पेन स्टेटने 2011 ते 2025 मध्ये टीमची बारा टायटल घेतली. 2024 ला तर 172.5 गुण, दुसऱ्या नंबरवरच्या कॉर्नेलला 72.5, बरोब्बर शंभर गुणांचा फरक. 2025 ला 177 गुण, आणि दहाच्या दहा पैलवान ऑल-अमेरिकन, म्हणजे पहिल्या आठात. त्याच वर्षी कार्टर स्टारोची पाचव्यांदा चॅम्पियन झाला, डिव्हिजन वनमध्ये याआधी हे कोणालाच जमलं नव्हतं, कोविडमुळे एक जादा वर्ष मिळालं हे खरं, पण पाच वेळा जिंकायला पाच वेळा जिंकावंच लागतं.

तर ठीक आहे, पेन स्टेटला बाजूला काढू. पण मग न्याय सगळ्यांना सारखा, बिग ट्वेल्व्हमधूनही त्यांची सगळ्यात मोठी टीम, ओक्लाहोमा स्टेट, बाजूला काढू.

(दृश्य: वहीचं पान, नावांवर एकेक काट मारली जाते)

पेन स्टेटचे फायनलला तीन, मेसेनब्रिंक, स्टारोची आणि बार. काट मारली. बिग टेनचे उरले दहा. ओक्लाहोमा स्टेटचेही तीनच, स्प्रॅटली, हमिटी आणि हेंड्रिक्सन. काट मारली. बिग ट्वेल्व्हचे उरले दोन, मिझुरीचा कीगन ओटूल आणि नॉर्दर्न आयोवाचा पार्कर केकाइसन. दहा आणि दोन. आणि दोन्हीकडे टीम तेवढ्याच बरं का, चौदा आणि चौदा, त्यामुळे संख्या जास्त म्हणून फायनलला जास्त, असंही म्हणता येत नाही. टीमच्या गुणांत पेन स्टेट काढली तरी पहिला नंबर बिग टेनच्याच नेब्रास्काचा लागतो, 117, मग ओक्लाहोमा स्टेट 102.5. माझ्या मते खरा काटा हाच. वरचा एक काढून बघायचा, आणि मग खाली किती उभे राहतात ते मोजायचं.

पण हे असं कायमचं होतं का? अजिबात नाही. 2003 ते 2006 सलग चार वर्षं टायटल ओक्लाहोमा स्टेटकडे होतं, त्यांची एकूण टायटल 34, इतकी कोणाचीच नाहीत. आणि हा केल सँडरसन मूळचा कुठला? आयोवा स्टेटचा! बिग ट्वेल्व्हचा! तिथे तो 159 कुस्त्या लढला आणि 159 जिंकला, चार वेळा चॅम्पियन, मग 2004 ला ऑलिम्पिक गोल्ड, मग तिथेच कोच. 2009 ला तो पेन स्टेटला गेला. दोन वर्षांनी नेब्रास्का बिग ट्वेल्व्ह सोडून बिग टेनमध्ये गेली, त्याच्या पुढच्या वर्षी मिझुरीही बिग ट्वेल्व्हमधून बाहेर पडली, आणि बिग ट्वेल्व्हकडे कुस्तीच्या टीम उरल्या फक्त चार. चार! कॉन्फरन्स स्पर्धेत एका गटात चार पैलवान, एक जिंकला की फायनल. 2015 ला त्यांनी वायोमिंग, एअर फोर्स, साउथ डकोटा स्टेट वगैरे सहा टीम कुस्तीपुरत्या आत घेतल्या तेव्हा कुठे फड परत भरला. मिझुरीही 2021 ला परत आली. मला बिग ट्वेल्व्हचं या गोष्टीसाठी कौतुक वाटतं, बंद पडायच्या वाटेवरची स्पर्धा त्यांनी आज दोन नंबरला आणलीय.

आणि पाटी बदलली की ताकद कशी हलते त्याचं सगळ्यात ताजं उदाहरण पूर्वेकडचं आहे. ईआयडब्ल्यूए, 1905 ची, तिथली सगळ्यात जुनी कुस्ती कॉन्फरन्स. 2024 ला कॉर्नेल देशात दुसरी आली ती ईआयडब्ल्यूएची टीम म्हणून. पुढच्याच सीझनला आयव्ही लीगच्या सहा कॉलेजांनी आपली वेगळी स्पर्धा काढली, कॉर्नेल, प्रिन्स्टन, पेन (ही पेन स्टेट नव्हे), हार्वर्ड, कोलंबिया, ब्राउन. पैलवान तेच, कोच तेच, मॅटही तेच, पण कागदावर ईआयडब्ल्यूए एका उन्हाळ्यात सहा टीमने लहान झाली. लीहायसारखी कसलेली टीम तिथे अजून आहे, तिचा जोर काही त्या उन्हाळ्यात कमी झाला नव्हता.

त्यात आता ट्रान्सफर, म्हणजे पैलवानाने कॉलेज बदलणं. 174 चा चॅम्पियन डीन हमिटी ओक्लाहोमा स्टेटच्या सिंगलेटमध्ये जिंकला, पण घडला विस्कॉन्सिनमध्ये, बिग टेनमध्ये. 197 चा चॅम्पियन स्टीफन ब्युकॅनन आयोवाचा, पण आधी वायोमिंग, मग ओक्लाहोमा, दोन्ही बिग ट्वेल्व्हच्या. एक इकडून तिकडे, एक तिकडून इकडे. त्या वर्षी हिशोब बरोबरीत सुटला, दरवर्षी सुटेलच असं नाही. पोरगा घडवला कोणी आणि पदक कोणाच्या खात्यात, हा प्रश्न आपल्याकडच्या तालमींनाही नवा नाही.

जाता जाता एक. 125 पौंड म्हणजे साधारण 57 किलो. 1952 ला हेलसिंकीत गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी ब्राँझ घेतलं ते 57 किलोतच. आणि 1948 च्या लंडन ऑलिम्पिकआधी त्यांना मॅटचे डाव शिकवायला होते रीस गार्डनर, अमेरिकन पैलवान. लाल मातीतला तो पैलवान लंडनला सहावा आला होता. म्हणून अमेरिकेची ही कुस्ती मला परकी वाटतच नाही.

(दृश्य: कॉन्फरन्स स्पर्धेचा दुसरा दिवस, रिकाम्या होत चाललेल्या खुर्च्या, कडेचा मॅट)

मार्चमध्ये कधी बिग टेनची स्पर्धा बघायला मिळाली तर फायनलच्या आधी कडेच्या मॅटवर नजर ठेवा. एखाद्या गटात कॉन्फरन्सकडे आठ जागा असतात, कधी नऊ, आणि शेवटच्या जागेसाठी दोन पोरं लढत असतात. कॅमेरा तिकडे नसतो. एकाच्या कानाला पट्टी, दुसऱ्याच्या नाकात कापूस, दोघांच्याही नावावर वर्षभराच्या आठ-दहा हारी. तिसरा पिरियड, 1-1, एक जण एकेरी पट धरून बसलाय आणि दुसरा एका पायावर उड्या मारत मॅटच्या कडेकडे सरकतोय, पाय सुटता सुटत नाही. कोपऱ्यातून कोच गुडघ्यावर बसून ओरडतोय, उचल, उचल, उचल.