मागच्या सीटवर दोघं : प्राग ते कोनोपिश्त्ये

(दृश्य : प्राग शहराचा जुना भाग, सकाळ. दगडी फरसबंदीच्या रस्त्यावर उघड्या मोटारींची रांग.)

प्रागच्या जुन्या चौकात सकाळ झाली की या मोटारी येऊन उभ्या राहतात. लांब नाक, बाहेर आलेले गोल दिवे, दाराखाली फूटबोर्ड, आणि मागे दुमडून ठेवलेला कापडी टप. बहुतेक पर्यटक त्यांत बसून शहराचा एक फेरा मारतात, फोटो काढतात आणि उतरतात.

पण हीच मोटार चालकासकट अख्ख्या दिवसासाठी घेता येते. मग शहराची वेस ओलांडायची आणि एखादा किल्ला गाठायचा. लोक जास्त करून कार्लश्टाइनला जातात. चौथ्या कार्ल राजाने १३४८ साली पायाभरणी केलेला तो किल्ला खरोखर देखणा आहे. तरीही जुन्या मोटारीतून एकाच ठिकाणी जायचं असेल, तर आम्ही तुम्हाला उलट्या दिशेला नेणार आहोत. प्रागच्या आग्नेयेला, साधारण पन्नास किलोमीटरवर, बेनेशोव्ह गावाच्या शेजारी असलेल्या कोनोपिश्त्येला.

कारण कोनोपिश्त्येचा मालक, ऑस्ट्रियाच्या गादीचा वारस फ्रान्झ फर्डिनांड, आणि त्याची बायको सोफी एका उघड्या मोटारीच्या मागच्या सीटवर मारले गेले. तारीख होती २८ जून १९१४. त्यातूनच बरोबर महिन्याने पहिलं महायुद्ध सुरू झालं.

(दृश्य : चालक बॉनेट उघडतो. इंजिनाचा जवळून आवाज.)

गाडी ठरवताना एक प्रश्न आवर्जून विचारा : ही खरी जुनी आहे, की जुन्या धाटणीची नवी? प्रागच्या रस्त्यांवर दोन्ही प्रकार धावतात. नव्या बनावटीच्या गाडीत बसायला हरकत काहीच नाही, पण पैसे कशाचे देतो आहोत ते आधी माहीत असावं. आणि निवड हातात असेल तर चेक गाडीच घ्यावी. हा देश मोटारी बनवणाऱ्यांचा आहे. कोप्रिव्हनिस गावात १८९७ साली ‘प्रेसिडेंट’ नावाची मोटार तयार झाली. तिथल्याच कारखान्याची पुढे टाट्रा कंपनी झाली. प्रागमध्ये १९०७ साली प्रागा सुरू झाली. म्लादा बोलेस्लाव्हमध्ये लॉरिन आणि क्लेमेंट या जोडीने १८९५ साली सायकलींपासून सुरुवात केली, १९०५ मध्ये मोटार काढली, आणि १९२५ साली त्यांची कंपनी स्कोडात विलीन झाली. तीच स्कोडा, जिच्या गाड्या २००१ पासून आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात बनू लागल्या.

खऱ्या जुन्या चेक गाडीत चढलात की एक गोष्ट ओळखीची वाटेल. स्टिअरिंग उजवीकडे! रस्त्यावरच्या बाकी सगळ्या गाड्यांचं डावीकडे आणि हिचं आपल्यासारखं उजवीकडे. चेकोस्लोव्हाकियात तेव्हा वाहनं डाव्या बाजूने चालत. उजवी बाजू धरायची हे त्यांच्या सरकारनं ठरवलं होतं, पण ते अमलात यायच्या आतच मार्च १९३९ मध्ये हिटलरचं सैन्य आत शिरलं आणि त्याच महिन्यात रस्त्याची बाजू बदलली गेली. देश हातातून गेल्याची ही खूण या गाड्यांच्या अंगावर कायमची राहिली आहे.

चालकाचे पाय बघत राहा. या काळातल्या बहुतेक गिअरबॉक्समध्ये दात आपोआप जुळत नाहीत. क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, खालचा गिअर टाकायचा असेल तर मध्येच थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा, आणि मग कुठे गिअर पडतो. आपल्याकडचे जुने एसटी आणि ट्रकचालक याला डबल क्लच म्हणत. चुकलं तर गिअर करकरतात आणि सगळ्या रस्त्याला कळतं. ब्रेकही अनेकदा तारा आणि दांड्यांनी ओढले जाणारे, त्यामुळे चालक पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवतो. अशी गाडी चालवणं हे कसब आहे, आणि ते जिवंत ठेवणाऱ्या माणसांबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे.

(दृश्य : शहर मागे पडतं. झाडांच्या सावल्या बॉनेटवरून सरकतात.)

हमरस्त्याने गेलं तर कोनोपिश्त्ये पाऊण तासात येतं. पण हमरस्ता या गाडीचा नव्हे. ताशी पन्नास-साठ किलोमीटरला तिचा श्वास बरा चालतो, म्हणून चालकाला जुन्या बेनेशोव्ह रस्त्याने न्यायला सांगा. येसेनित्सेवरून हा रस्ता टेकड्यांतून वळत साझावा नदीकडे उतरतो. उतारावर गाडी गिअरवर धरलेली असते, इंजिन घुमतं, आणि उघड्या गाडीत वास आधी येतात : कापलेलं गवत, पाइनचा चीक, एखाद्या घरातून येणारा भाजलेल्या कांद्याचा. नदीकाठच्या पोर्झीचीत जरूर थांबा. एवढ्याशा गावात रोमनेस्क या मध्ययुगीन शैलीतली दोन चर्चेस आहेत, जाड भिंतींची, लहान खिडक्यांची. इंजिन गार होईतो दोन्ही पाहून होतात.

(दृश्य : झाडांच्या वर गोल बुरूज दिसू लागतात.)

गाडी खालीच थांबते. वर चालत जायचं, चढ सोपा आहे. खंदकात अस्वल ठेवायची इथली जुनी रीत आहे. मुलं तिथंच रेंगाळतात.

किल्ला मुळात तेराव्या शतकाच्या अखेरचा. १८८७ साली तो फ्रान्झ फर्डिनांडनं विकत घेतला. ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा हा पुतण्या तेव्हा चोवीस वर्षांचाही नव्हता. पैशाची ददात नव्हती, कारण लहानपणीच मोडेनाच्या ड्यूकची अफाट मालमत्ता त्याच्याकडे आली होती, आपल्या नावाला ‘एस्टे’ जोडायचं या अटीवर. त्या वारशातला शस्त्रसंग्रह आजही इथं आहे, आणि तो युरोपातल्या मोठ्या संग्रहांपैकी एक आहे. किल्ल्याची डागडुजी केली योसेफ मोकर या वास्तुविशारदानं, ज्याच्या हातून कार्लश्टाइनचाही जीर्णोद्धार झाला. बाहेरून मध्ययुगीन बुरूज, आत वीज, लिफ्ट आणि नळाला गरम पाणी. हलणाऱ्या निशाण्यांवर गोळ्या झाडायची एक खोलीसुद्धा.

आता येतात त्या भिंती. शिंगं, मुंडकी, दात, पंजे. वरपासून खालपर्यंत, जिन्यात, बोळात, दालनात. फर्डिनांड प्रत्येक शिकारीची नोंद ठेवत असे, आणि आयुष्यभराचा आकडा अडीच लाखांच्या पुढे गेला. वाटाड्या हा आकडा सांगतो तेव्हा घोळक्यातून कौतुकाचे उद्गार निघतात. आम्हाला तिथं कौतुक वाटलं नाही. ही शिकार राहिली नव्हती, ते व्यसन होतं. हाकाऱ्यांनी जनावरं पुढ्यात आणायची आणि यानं नेम धरायचा.

यातली काही जनावरं आपल्याकडची आहेत. १८९२च्या डिसेंबरात जगप्रवासाला निघालेला फर्डिनांड जानेवारी १८९३ मध्ये मुंबईत उतरला. तिथून हैदराबाद, मग उत्तर हिंदुस्थान, नेपाळची तराई, आणि जाईल तिथं बंदूक. त्या प्रवासातून त्यानं हजारो वस्तू घरी नेल्या. पुष्कळशा आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहेत.

(दृश्य : राहण्याची दालनं. कौटुंबिक छायाचित्रं, लहान मुलांच्या वस्तू.)

शिकारीच्या बोळातून राहत्या खोल्यांत आलं की दुसराच माणूस भेटतो. म्हणून तिकीट काढताना शिकारीच्या दालनांवर समाधान मानू नका. खासगी खोल्यांची फेरी मागून घ्या. इथं फिरायला वाटाड्याबरोबरच जावं लागतं, सोमवारी किल्ला बंद असतो आणि हिवाळ्यातही बहुतेक बंदच. आम्हाला विचाराल तर कोनोपिश्त्येला यायचं ते या खोल्यांसाठी.

या खोल्या सोफीच्या आहेत. सोफी खोटेक, बोहेमियाच्या, म्हणजे याच चेक प्रदेशाच्या, जुन्या सरदार घराण्यातली. पण हाब्सबुर्ग राजघराण्याच्या तराजूत तिचं कुळ हलकं ठरलं. फर्डिनांडनं दुसऱ्या कोणाशी लग्न करायला साफ नकार दिला, तेव्हा सम्राटानं परवानगी दिली ती एका शपथेच्या बदल्यात. २८ जून १९०० रोजी, सगळ्या घराण्यासमोर, फर्डिनांडनं शपथ घेतली की त्याची बायको कधी सम्राज्ञी होणार नाही आणि मुलांना गादीवर हक्क असणार नाही. तीन दिवसांनी लग्न झालं. त्याच्या घराण्यातून आली ती फक्त सावत्र आई आणि तिच्या दोन मुली.

दरबारात पुढची वर्षं सोफीचा पाणउतारा होत राहिला. समारंभात तिनं शेवटून यायचं, नवऱ्याच्या हाताला धरून नाही. दरबारी थाटात तो निघाला की त्याच्या शेजारी बसायचं नाही. कोनोपिश्त्येत मात्र तिला मागे सारणारं कोणी नव्हतं. इथं ती घराची मालकीण होती, तीन मुलांची आई होती, आणि बाहेर नवऱ्यानं हौसेनं फुलवलेली गुलाबांची बाग होती. १९१४च्या १२ जूनला जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म पाहुणा म्हणून इथं आला, सोबत ॲडमिरल टिर्पिट्झ. पुढं लोकांनी या भेटीत युद्धाचा कट शोधला. पाहुणे गेल्यावर पंधरा दिवसांत यजमान जिवंत नव्हते.

(दृश्य : बागेची पायवाट. नंतर खाली उभी असलेली मोटार, मागची रिकामी सीट.)

बोस्नियातल्या साराजेव्होला फर्डिनांड गेला तो सैन्याचा महानिरीक्षक म्हणून. काम लष्करी होतं, तिथं दरबाराचे नियम लागत नव्हते. म्हणून सोफीला जाहीरपणे नवऱ्याच्या शेजारी बसता येणार होतं. तारीखही तीच होती, २८ जून. शपथेला चौदा वर्षं पुरी होत होती.

गाडी होती ग्रेफ उंड श्टिफ्ट कंपनीची, एका सरदारानं वापरायला दिलेली. चालक लिओपोल्ड लोयका, मोरावियाचा. सकाळी पहिला बॉम्ब आला तो मागे दुमडलेल्या टपावरून घरंगळला आणि पाठीमागच्या गाडीखाली फुटला. नगरभवनातल्या स्वागतानंतर फर्डिनांडनं ठरवलं की त्या स्फोटातल्या जखमींना दवाखान्यात जाऊन भेटायचं. त्यासाठी रस्ता बदलला गेला. लोयकाला ते कोणी नीट सांगितलंच नाही. लॅटिन पुलाजवळ तो आधीच्या ठरलेल्या रस्त्याला वळला, कोणीतरी ओरडलं, त्यानं गाडी थांबवली. समोर हल्लेखोरांच्या टोळीतला एकोणीस वर्षांचा गाव्ह्रिलो प्रिन्सिप उभा होता. दोन गोळ्या. एक फर्डिनांडच्या मानेत, एक सोफीच्या पोटात.

पुस्तकात हे सगळ्यांनीच वाचलेलं असतं. पण तासभर अशा मोटारीतून आल्यावर त्या सीटचं माप कळतं. पाठ टेकली तरी खांदे, मान, डोकं सगळं उघडं. दार कमरेच्या थोडं वर. फूटपाथवरचा माणूस हात लांबवेल तर पोचेल. वेग कमी झाला की लपायला काही नाही. आणि गिअर बदलायला लागणारा तो वेळ, जो सकाळी आपण कौतुकानं पाहिला होता.

त्या गोळ्यांपैकी एक म्हणून दाखवली जाणारी गोळी कोनोपिश्त्येत ठेवलेली आहे.

(दृश्य : मुलांच्या खोलीचं दार.)

तिघांपैकी थोरली मुलगी तेव्हा तेरा वर्षांचीही नव्हती. युद्ध संपलं, साम्राज्य मोडलं, नवा चेकोस्लोव्हाकिया जन्माला आला आणि मुलांना हे घर सोडावं लागलं. १९२१च्या कायद्यानं कोनोपिश्त्ये सरकारजमा झालं. हाब्सबुर्गांची मालमत्ता सरकारची, असा न्याय लावला गेला. पण ही मुलं हाब्सबुर्ग नव्हती! बापानं शपथेवर तो हक्क सोडला होता, त्यांचं आडनाव होहेनबर्ग होतं. मान मिळायच्या वेळी ती राजघराण्यातली नव्हती, घर काढून घ्यायच्या वेळी मात्र ठरली. वंशजांनी या शतकात चेक न्यायालयांत दाद मागितली. दावा फेटाळला गेला. नव्या प्रजासत्ताकाला जुन्या राजवटीशी हिशेब मिटवायचा होता हे समजतं, तरी या तीन पोरक्या मुलांच्या बाबतीत तो हिशेब चुकला असं आम्हाला वाटतं. त्यातले दोन भाऊ १९३८ साली नाझींनी दाखाऊच्या छळछावणीत टाकले. आईबापांच्या या घरात पुढं नाझींच्या एसएस दलाचं ठाणं बसलं, आणि आजूबाजूची गावंच्या गावं सैनिकी सरावासाठी रिकामी करवली गेली. सकाळी आपण ज्या शेतांवरून आलो, तो हाच भाग.

बेनेशोव्हपर्यंत प्रागहून आगगाडीही येते, स्वस्तात आणि लवकर. तिथून पायी किल्ला गाठता येतो. खिसा पाहून तसं जायला काहीच हरकत नाही. मोटारीचं भाडं चार जणांत वाटलं तर जड जात नाही, आणि चालक तिथं दिवसभर तुमच्यासाठी थांबतो, त्यामुळे घाई नसते. दुपारी उशिरा निघा. संध्याकाळी उघड्या गाडीत उन्हाळ्यातही गारठा लागतो, जाड स्वेटर आणि डोक्याला काहीतरी हवंच.

आणि हाताशी आणखी दोन दिवस असतील तर पुढं ऑस्ट्रियात जा. व्हिएन्नाच्या लष्करी इतिहासाच्या संग्रहालयात ती ग्रेफ उंड श्टिफ्ट मोटार उभी आहे, पत्र्यातल्या भोकासकट. याच शहरात दोघांच्या शवपेट्या दर्शनाला ठेवल्या तेव्हा सोफीची खालच्या पायरीवर ठेवली होती. हाब्सबुर्गांच्या दफनघरात तिला जागा मिळणार नाही हे फर्डिनांडला आधीपासून ठाऊक होतं, म्हणून त्यानं डॅन्यूबजवळ आर्टश्टेटनच्या आपल्या वाड्यात स्वतःचं दफनघर बांधून घेतलं होतं. दोघं तिथं आहेत, शेजारी शेजारी, एकाच उंचीवर.