असे घोरत नाहीत कधी

नमस्कार मंडळी. मी एका सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत डॉक्टर आहे. थर्टी फर्स्ट, धुळवड नाहीतर गावच्या जत्रेची रात्र असली की दहापर्यंत आमच्याकडे सामसूम असते आणि मग एकदम रांग लागते, बाईकवरून पडलेले, हातात बाटली फुटलेले, मारामारीतले, शिवाय पोलीस मेडिकलला आणतात ते वेगळेच (100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल असताना गाडी चालवली की गुन्हा, मग रक्त काढा, सील करा, सह्या करा). तिकडे छातीत दुखणारे आजोबा बाकड्यावर ताटकळलेले, कारण एका प्यायलेल्याला धरायला ब्रदर आणि दोन मावशी गुंतल्यात.

पण खरं सांगू का, दंगा करणारा परवडला, गप्प पडलेला नाही परवडत. तोंडाला वास आला की सगळे म्हणतात झोपू दे, उतरली की उठेल. त्या वासाखाली डोक्यातला रक्तस्राव लपतो, उतरलेली शुगर लपते (पोटात दिवसभर अन्न नाही, आणि दारूमुळे लिव्हर नवीन साखर बनवत नाही). आणि विषारी दारू असली तर? 2015 ला मालाडच्या मालवणीत शंभराच्या आसपास माणसं गेली, त्या दारूत मिथेनॉल होतं, त्याने आधी अंधुक दिसतं, तेही लोक हँगओव्हरवर ढकलतात.

उलटंही होतं बरं का. पाय मोडून ॲडमिट झालेला माणूस तिसऱ्या दिवशी चादरीवरच्या मुंग्या झटकायला लागतो, मुंग्या नसतातच, घरच्यांना वाटतं बाहेरचं काहीतरी लागलं. ती रोजची दारू एकदम तुटल्याची लक्षणं असतात, त्यात फिट येते, जीवही जातो. म्हणून ॲडमिट करताना "कधीतरी घेतात" असं लाजून सांगू नका, रोज किती ते सांगा.

आणि घरी कोणी पिऊन पडला तर कुशीवर वळवा, उताणा ठेवू नका, उलटी श्वासनलिकेत जाते. लिंबूपाणी, ताक काही पाजू नका. हाका मारून, चिमटा काढूनही उठत नसेल तर सरळ 108.

मागे एकाला मित्रांनी रिक्षातून आणून टाकलं, झोपलाय म्हणाले आणि गेलेही. मागून बायको आली, पिशवीत त्याच्या चपला. म्हणाली, मॅडम, रोजच पितात हो, पण असे घोरत नाहीत कधी. डोळ्यांवर टॉर्च मारली तर एक बाहुली मोठी, डोक्याच्या सीटी स्कॅनमध्ये रक्त साकळलेलं दिसलं. ऑपरेशन झालं, वाचला. ते घोरणं आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.